सुपामागचा वारा

अर्धी ओसरी सारवून झाली आणि पद्माचा हात थांबला, कारण पुढे समुद्र होता.

शेणकाल्याची बादली डाव्या हाताशी, पदर कमरेला खोचलेला, बोटांतून हिरवं पाणी ठिबकतंय, आणि भिंतीपाशी गादीवर बसलेला तिचा दीर नरहर काठीच्या टोकानं रेघ दाखवतोय.

"इथपर्यंतच, वहिनी. त्याच्या पलीकडे आता यवनखंड."

आणीबाणी उठली त्या वर्षीचा तो उन्हाळा. सिंदी रेल्वे या गावी स्टेशनाच्या रस्त्यावर घर, पुढे लांबलचक ओसरी. नरहर जिनिंगमध्ये कारकून होता. एका हंगामात रुईची गाठ थप्पीवरून घसरली ती थेट त्याच्या कमरेवर. जीव राहिला, पाय गेले. तेव्हापासून ओसरीच्या टोकाला त्याची गादी आणि उशाशी पुस्तकं. त्यातलंच एक रद्दीतून आलेलं इंग्रजी पुस्तक होतं, पुढची-मागची पानं गेलेली, मधे ग्रीक लोकांच्या देवांच्या कथा. हे देव एकमेकांचा हेवा करायचे, रुसायचे, माणसांना वादळात लोटायचे आणि वर बसून मजा बघायचे. नरहरला ते फार आवडले.

मग त्यानं त्या देवांचा देशच रचायला घेतला, ग्रीक म्हणजे यवन, म्हणून नाव यवनखंड. पोळ्याचे बैल करतात त्या चिकणमातीचे डोंगर. चुन्यात नीळ कालवून समुद्र. नदीतल्या गोट्यांची बेटं. एक गोटा भोक पडलेला होता, तो एकडोळ्या राक्षस. फुटक्या मडक्याचं तोंड म्हणजे जहाजं गिळणारा भोवरा. गुलमोहराच्या वाळक्या शेंगा म्हणजे जहाजं. खेळणाऱ्यानं एकेक सोंग घ्यायचं, त्या सोंगाच्या तोंडानं बोलायचं आणि सात कवड्या टाकायच्या. जितक्या उताण्या पडतील तितकं नशीब. देवांच्या कवड्या मात्र नरहर स्वतः टाकी, तेही घरातलं एक जुनं सूप समोर उभं धरून, म्हणजे देवाच्या मनात काय आहे ते कोणाला दिसू नये. सुपामागून तो जे सांगेल ते खरं.

"म्लेंच्छांच्या देवांची नावं माझ्या घरात नकोत," सासूबाई, इंदिराबाई, पहिल्याच दिवशी म्हणाल्या.

म्हणून नरहरनं नावं बदलली. विजा फेकणारा तो वीजराज. समुद्राचा तो दर्याराज. आणि सर्वांत उंच डोंगरावर देवांची महाराणी, म्हणजे एक अख्खी सुपारी. इंदिराबाईंनी ती पाहिली, आत गेल्या आणि करंडा घेऊन आल्या.

"देव म्हटला की असा बोडका ठेवू नये," असं म्हणून त्यांनी सुपारीला हळदकुंकू लावलं. त्या दिवसापासून सांजवात झाली की तिलाही दिवा ओवाळला जाऊ लागला. तिथंच सगळं बिघडलं. पण बिघडतं तेव्हा ते भक्तीसारखंच दिसतं.

इंदिराबाईंचं देवाशी बोलणंचालणं रोखठोक होतं. नरहरवर रुईची गाठ पडली त्या दिवशी त्यांनी नवस बोलला होता, नरहर आपल्या पायांनी चालेल तेव्हाच मी पायात चप्पल घालीन. चालला नाही, आणि त्यांनी घातली नाही. वैशाखात वर्धा जिल्ह्याच्या उन्हात त्या अनवाणी देवळात जात. टाचांच्या भेगांत तांदळाचा दाणा राहील एवढ्या त्या फाटलेल्या. अशा बाईला कोण काय बोलणार?

खेळायला दोघं येत. पुंडलिकराव कपाशीचा शेतकरी, दुपारी जेवून अडकित्ता वाजवत यायचा, तो राजा. स्टेशनाजवळचा शिंपी बंडूजी, तो जहाजाचा सुकाण्या. राजा परदेशी गेला म्हणजे बंदरावर वाट बघायला राणी हवी, आणि बाईमाणूस घरात एकच मोकळं. अशी पद्माच्या वाट्याला राणी आली. नवरा दत्तोपंत शाळेत मास्तर, तो म्हणाला, "बस की. नरहरचं मन रमतं."

खरं तर रमलं पद्माचंच. दिवसभर 'अगं' आणि 'ए' ऐकणाऱ्या बाईला दुपारी तासभर कोणी 'राणीसरकार' म्हणे. तिची राणी बोलायला लागली की बंडूजीसारखा टवाळ माणूसही गप्प बसे. दर शनिवारी सारवताना ती समुद्राच्या काठानं एका बोटानं काला ओढायची, लाटेला धक्का न लावता. सबंध घरात त्या देशाला जपणारी तीच.

एका संध्याकाळी जहाज भोवऱ्यात सापडलं.

"डुबलं म्हना आता," बंडूजी म्हणाला. "राजे, धोतर सोडा अन् पोहाले लागा."

"तूच सोड बे," पुंडलिकराव म्हणाला. "सुकानू तुह्या हातात होतं. मशीन चालवून राह्यला का जहाज?"

नरहरनं काठी उचलली. "राणीच्या हातात अजून एक गोष्ट आहे. महाराणीला साकडं. पण ती फुकट काही देत नाही. काय सोडता, वहिनी?"

दिवेलागण झाली होती. इंदिराबाई नुकत्याच ओवाळून आत गेल्या होत्या आणि निरांजन सुपारीपुढे तेवत होतं. पद्मानं हात जोडले. खेळात राणीचं माहेर एका पोवळ्याच्या बेटावर होतं, तेच तिच्या डोळ्यांपुढे आलं.

"माझ्या राजाचं जहाज बंदराला लागेपर्यंत मी माहेरची पायरी चढणार नाही."

सुपामागं कवड्या खुळखुळल्या. जहाज भोवऱ्यातून सुटलं, पण शिडं फाटून भर समुद्रात उभं राहिलं. पुंडलिकराव खूश झाला. "वा वैनी, वाचवलं तुम्ही." पद्मा हसली, आणि हसता हसता तिनं मागे पाहिलं. इंदिराबाई दारात उभ्या होत्या, हातात अर्धी वळलेली वात. त्या पुढे आल्या, सुपारीला नवं कुंकू लावलं आणि म्हणाल्या, "दिव्यासमोर बोललीस. ध्यानात ठेव."

"खेळ होता, आई."

"देव खेळत नाही."

पंधरवडाही उलटला नसेल, हिंगणीहून तानबा आला. पद्माच्या माहेरचा जुना सालदार. सायकल भिंतीला टेकवली, डोक्याचं फडकं काढलं आणि अंगणातूनच बोलला, "बाई, आईच्या एका अंगावून वारं गेलं जी. बोलता येत नाई. दाराकडं पाह्यत राह्यते निसती. दादानं सांगतलं, बाईले घेऊनच येजो."

पद्मानं आत धाव घेतली, दोन लुगडी पिशवीत कोंबली आणि बाहेर आली. सासूबाई उंबऱ्यात बसल्या होत्या.

"जहाज लागलं का गं?"

पद्माला आधी कळलंच नाही.

"तुझ्या राजाचं जहाज. लागलं असेल तर जा."

"आई, माझी आई मरून राहिली आहे."

"माझी मेली तेव्हा मी अकोल्याला अनवाणी गेले. स्टेशनापासून पाय भाजत. लोक म्हणाले, आज तरी घाला. मी नाही घातली." त्यांनी पद्माकडे सरळ पाहिलं. त्यात राग नव्हता, हेच वाईट होतं. "तुला जायचं तर मी हात धरणार नाही. पण राजासाठी बोललीस, मोडलंस तर ते कुंकवावर येईल. दत्तूच्या अंगावर. त्याची तयारी असेल तर ओलांड."

पद्मा स्वतः सोमवार न चुकवणारी, तुळशीला पाणी घातल्याशिवाय चहा न घेणारी. तिला उंबरा ओलांडवेना. दत्तोपंत वर्तमानपत्र वाचत होता. "धर्माच्या गोष्टीत मी आईला काही म्हणत नाही," तो म्हणाला. "नरहरलाच सांग ना. एका डावाचा तर प्रश्न."

एका डावाचाच प्रश्न होता. ती नरहरसमोर जाऊन बसली. "भाऊजी, जहाज लावून टाका."

"वारा सुटला की लागेल, वहिनी. कवड्या काय म्हणतात बघू."

दुपारी डाव मांडला. सुपामागं कवड्या पडल्या. नरहर मान हलवून म्हणाला, "वारा नाही." दुसऱ्या दिवशीही नाही. तिसऱ्या दिवशी थोडा सुटला, तर नरहरनं समुद्रात एक नवा गोटा ठेवला. "राजे, डावीकडे हे बेट दिसून राहिलं. झाडाला सोन्याचं कातडं टांगलंय. आजवर कोणाला मिळालं नाही. बंदराकडे वळाल तर पुन्हा सापडायचं नाही."

पुंडलिकराव अडकित्ता वाजवत राहिला. "एक डाव, वैनी," तो म्हणाला. "निसता एक. सोनं टप्प्यात हाय. मंग सरळ घरी."

"पुंडलिकराव, माझी आई…"

"अवो, आई काय आजच जाते का? माह्या आजीवून वारं गेलतं, ते नऊ वर्सं जगली, अन् समद्याइले शिव्या देत जगली."

बंडूजी हसला. जहाज डावीकडे वळलं.

मग गावात बोलबाला झाला. खेळातल्या जहाजावर खरीखुरी बाई अडकली आहे, हे ऐकून लोक येऊ लागले. मालधक्क्यावरचे बाबू आले, जिनिंगमधले जुने सोबती आले. अंगावर गाठ पडल्यापासून ज्यांनी नरहरच्या दाराकडे पाहिलं नव्हतं तेही आले. कोणी चिवडा आणे, कोणी केळी. शेजारची शकुबाई फाटकातूनच विचारी, "काहो पद्माबाई, लागलं काय जहाज?" आणि नाही म्हटलं की चुकचुकून बायांना सांगायला जाई. नरहरच्या अंगावर धुतलेला सदरा दिसू लागला. आवाजाला धार आली. तो दर्याराज होऊन असा काही गरजायचा की माणसं श्वास धरून ऐकायची. आणि तो गरजला की सगळ्यांचे डोळे वळायचे ते पद्माकडे, आता ही कशी दिसते ते बघायला. चहाचे पेले तीच फिरवायची.

त्या शनिवारी ती सारवत होती. नरहरच्या पाठीमागची कड राहिली होती, तिथं ओणवी होऊन ती हात फिरवत होती, आणि पुढे डाव चालू होता. सूप लोकांकडून उभं होतं. तिच्या बाजूनं उघडं होतं. नरहरनं कवड्या टाकल्या. सातही उताण्या पडल्या, पांढऱ्या दातांसारख्या. सात उताण्या म्हणजे भरगच्च वारा, हा नियम त्यानंच केलेला.

नरहरनं त्या क्षणभर पाहिल्या, गोळा केल्या आणि मान हलवली. "वारा नाही."

लोकांनी सुस्कारा टाकला. कोणीतरी पान जुळवायला घेतलं.

सगळे गेल्यावर पद्मा बादली खाली ठेवून त्याच्यासमोर उभी राहिली. "भाऊजी, सातही उताण्या होत्या."

नरहर दचकला नाही. "मग?"

"मग वारा होता."

"वहिनी, आज जहाज लागलं तर उद्या इथं कोण येईल?" तो अगदी समजुतीच्या सुरात म्हणाला, शाळेतल्या मुलाला गणित सांगावं तसं. "मालधक्क्यावरचे येतील? तुम्ही तरी बसाल? वर्षानुवर्षं मी या भिंतीकडे पाहिलं. आता कुठं माणसं पाहून राहिलो."

"माझी आई आहे हो ती."

"माहीत आहे ना. म्हणून तर येतात."

ती सासूबाईंकडे गेली. त्या ताक घुसळत होत्या. सगळं ऐकून घेतलं, रवी थांबवली नाही. "देवाच्या कवड्या तू डोकावून पाहिल्यास?" त्या म्हणाल्या. "सुपामागचं सुपामागं राहू द्यायचं. वर आणि चुगली." जरा वेळानं ताकाचा पेला तिच्यापुढे सरकवला. "घे. उपाशी राहून वारा सुटत नाही."

पुढच्या शनिवारी अर्धी ओसरी सारवून झाली होती, तेव्हा तानबा आला. या वेळी सायकल भिंतीला टेकवली नाही, हातातच धरून उभा राहिला. पद्मानं त्याच्या डोक्याकडे पाहिलं. फडकं नव्हतं.

"काल सांजले गेली जी," तो म्हणाला. "सकाळी दिवस निंगाच्या आत आटोपलं. शेवटपावतर डोये दाराकडंच होते."

पद्माचे हात काल्यात होते, मनगटापर्यंत. ती तशीच बसून राहिली. आतून सासूबाईंचा आवाज आला, "आधी अंघोळ कर. तीन दिवस शिवू नकोस कुठं." उरलेली अर्धी ओसरी तशीच वाळली.

त्याच दुपारी डाव मांडला गेला. पद्मा मागच्या खोलीत वेगळी बसली होती. तिला ओसरीवरून मोठा गलका ऐकू आला, टाळ्या, आणि पुंडलिकरावाचं हसणं. मग नरहरची खणखणीत हाक आली.

"वहिनी, जहाज लागलं. सुटलात तुम्ही. आता खुशाल जा."

त्यात टोमणा नव्हता. त्याला वाटलं, कथेचा शेवट छान झाला.

हिंगणीला ती दहाव्याला पोचली. माहेरची पायरी चढली तेव्हा भावजय कणीक मळत होती. तिनं मान वर केली नाही. "या. आईंनी वाट पाहून पाहून डोळे मिटले. इकडे मावशी म्हणाल्या, पद्मीला निरोप पोचला नसेल. मी म्हटलं, पोचला असेल; पण त्यांच्याकडे म्हणे खेळ रंगात आला होता."

"वहिनी, माझा नवस…"

"हो, तानबानं सांगितलं. राणी झाला होता म्हणे." तिनं परात फिरवली. "जेवून घ्या. राणीला उपाशी कसं ठेवायचं?"

तेरावं आटोपून पद्मा परत आली ती दिवेलागणीला. ओसरीवर माणसं बसली होती. नरहर नवी मोहीम आखत होता. निरांजन सुपारीपुढे तेवत होतं. पद्मा ओसरीवर चढली नाही. घराला वळसा घालून मागच्या दारानं आत गेली, हातपाय धुतले आणि माजघरातून ओसरीच्या उंबऱ्याशी आली. आतल्या बाजूनंच तिनं हात जोडले.

"या, राणीसरकार," पुंडलिकराव जागा करत म्हणाला. "तुमच्याबिगर मजा नाई."

"महाराणी," पद्मा म्हणाली. आवाज शांत होता, राणीचा होता. "भाऊजी आपल्या पायांनी ही ओसरी उतरतील, तेव्हाच मी या ओसरीवर पाय ठेवीन. त्याआधी नाही."

इंदिराबाईंच्या हातातून वातींचं तबक खाली आलं. त्यांचाच नवस होता तो, त्यांच्याच अनवाणी पायांचा, सुनेनं उचलून उलटा करून ठेवलेला. नाही म्हणावं, तर स्वतःचा खोटा.

दत्तोपंत उठला. "पद्मा, हे काय भलतंच?"

"दिव्यासमोर बोलले," ती म्हणाली. "देव खेळत नाही. विचारा आईंना."

इंदिराबाई खाली वाकून वाती वेचत राहिल्या.

तेव्हापासून ओसरी सारवायची राहिली ती राहिलीच. भुई आधी भेगाळली, मग तिचे पोपडे उडाले, मग माती. निळीचा समुद्र पायांना लागून घरभर यायचा. शकुबाईला सांगून बघितलं, ती म्हणाली, "सून असून शेजारनीनं काऊन सारवाव जी?" नरहरचं ताट, पाणी, भांडं, सगळं इंदिराबाई नेऊ लागल्या, समुद्राच्या काठाकाठानं, भेगाळल्या टाचांत ती माती भरत. एकदा त्या म्हणाल्या, "गुरुजींना विचारते. प्रायश्चित्त असेल काही."

"तेव्हा नव्हते का गुरुजी?" पद्मानं विचारलं आणि भाजीला फोडणी दिली.

माणसं पातळ झाली. धुळीत धोतर खराब होतं म्हणून पुंडलिकराव आधी उभ्याउभ्या खेळायचा, मग येईना. पुढे गल्लीत एकाकडे टीव्ही आला आणि बंडूजीही गेला. नरहर एकटाच दोन्हीकडच्या कवड्या टाकी. कधी आतल्या दिशेनं हाक मारी, "वहिनी, जरासं सारवा हो, देश उखडून राहिला." पद्मा आतून उत्तर देई, अगदी आदरानं, "वारा नाही, भाऊजी."

चौऱ्याऐंशीच्या पौषात इंदिराबाई पडल्या. कमरेतून उठवेना. सकाळी दत्तोपंत शाळेत जाण्याआधी भावाचं करून गेला. दुपार झाली तशी म्हातारी अंथरुणातून बघू लागली, एकदा चुलीकडे, एकदा ओसरीकडे.

"त्याचं ताट," त्या म्हणाल्या. "पद्मा. त्याचं ताट गं."

पद्मानं ताट वाढलं. कशात कमी केलं नाही. लिंबाची फोड, मीठ, चटणी, गरम भाकरी, वरणावर तूप. उंबऱ्यापाशी आली, आतल्या बाजूनं वाकली, हात लांबवता आला तितका लांबवला आणि ताट ओसरीवर ठेवलं.

ताट आणि नरहर यांच्या मध्ये यवनखंड होतं.

"वहिनी," तो म्हणाला.

ती उभी राहिली, हात पदरात.

नरहरनं काठी लावून बघितली, पोचली नाही. मग तो गादीवरून खाली घसरला आणि कोपरांवर निघाला, निकामी पाय मागे ओढत. समुद्रातून आला. एकडोळ्या राक्षस त्याच्या छातीखालून घरंगळला. महाराणीच्या डोंगराला त्याचं कोपर लागलं, माती ढासळली आणि कुंकवानं लाल झालेली सुपारी गडगडत भेगेत जाऊन पडली. ताटापाशी पोचेपर्यंत त्याचं तोंड निळं-मातकट झालं होतं. त्यानं भाकरी उचलली. तिच्याकडे पाहिलं नाही. आतून इंदिराबाईंच्या रडण्याचा आवाज येत होता, अगदी बारीक, भांड्यावर झाकण नीट न बसल्यासारखा.

जेवण होईपर्यंत पद्मा थांबली, रिकामं ताट उंबऱ्याकडे ओढून घेतलं आणि घासायला टाकलं. मग ज्वारीचा डबा कडेवर घेतला आणि मागच्या दारानं दळायला गिरणीवर गेली.